फोनवरचा खेळ निवडताना आधी वेळ पाहावी, मग खेळ

तुमचा प्रश्न मी असा समजले: तुम्ही डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईला जाता-येता आणि त्या वेळेत फोनवर काहीतरी खेळावे असे तुम्हाला वाटते. घरी एक टॅबलेट आहे. तो दुपारी तुमच्या आई वापरतात आणि सुटीत आला की नऊ वर्षांचा भाचा. प्ले स्टोअरच्या पहिल्या पानावरचे आणि ‘सर्वोत्तम खेळां’च्या याद्यांमधले बरेच खेळ तुम्ही घेऊन पाहिलेत, पण त्यांतला एकही आठवडाभर टिकला नाही. तेव्हा चांगले खेळ शोधायचे कसे आणि आईंना कोणता सुचवावा, असे तुम्ही विचारले आहे.

मी पुण्यात मोबाईल गेमच्या चाचणीचे काम बरीच वर्षे करते आहे. खेळ बाजारात येण्याआधी तो निरनिराळ्या फोनवर चालवून पाहणे आणि अगदी नवख्या माणसाच्या हातात देऊन तो कुठे अडखळतो ते टिपून ठेवणे, हे आमचे काम. त्या अनुभवावरून मला असे दिसते की तुमची अडचण चांगले खेळ न सापडण्याची नाही. तुम्ही खेळ निवडलेत ते त्यांच्या नावलौकिकावरून. ते कोणत्या वेळी, कोणत्या स्थितीत आणि कोणाच्या हातात खेळले जाणार आहेत, हा विचार त्या निवडीत आलेला दिसत नाही. गर्दीच्या डब्यात उभ्याने खेळायचा खेळ आणि दुपारी चहा झाल्यावर निवांत बसून खेळायचा खेळ हे दोन वेगळे खेळ असतात, मग दोन्ही कितीही नावाजलेले असोत. कोणाला काय आवडेल हे स्वभावावर, नजरेवर, हातातल्या फोनवर आणि पैसे खर्च करण्याच्या तयारीवर अवलंबून आहे. त्यामुळे पुढे मी जी नावे घेते ती उदाहरणे म्हणून घ्यावीत.

आधी लोकलचे पाहू. उभ्याने प्रवास असेल तर एक हात वरच्या कडीला असतो, म्हणजे खेळ उभ्या पडद्यावर एका अंगठ्याने खेळता आला पाहिजे. मध्येच रेंज जाते, म्हणून तो इंटरनेटशिवाय चालला पाहिजे. स्टेशन आले की फोन तत्क्षणी खिशात जातो, म्हणून तो कुठेही थांबवता यावा आणि थांबवल्याबद्दल खेळाडूचे नुकसान होऊ नये. शिवाय आवाज बंद ठेवूनही त्यातले सगळे समजले पाहिजे. या चार अटी लावल्या की स्टोअरच्या पहिल्या पानावरचे बहुतेक खेळ आपोआप गळतात. तुमचे खेळ टिकले नाहीत याचे मोठे कारण मला इथेच दिसते. नेमबाजीचे किंवा शर्यतीचे जे खेळ तुम्ही घेतलेत, त्यांना दोन्ही हात लागतात, अखंड नेट लागते आणि मध्येच फोन खाली ठेवला तर डाव हातचा जातो.

या अटींत बसणारा माझा सर्वांत आवडता खेळ ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ हा आहे. अँड्रॉइडवर तो मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. तुम्ही एका भुयारात उतरता, एकेक मजला खाली जाता आणि वाटेत सापडेल त्या वस्तूंवर निभावता. तुम्ही पाऊल टाकल्याशिवाय समोरचा राक्षसही हलत नाही, त्यामुळे दादरला उतरून संध्याकाळी परत गाडीत बसेपर्यंत तो तुमची वाट पाहत तसाच उभा राहतो. यातली खरी मजा अनोळखी बाटल्यांमध्ये आहे. लाल बाटलीत काय आहे हे प्यायल्याशिवाय किंवा फेकून पाहिल्याशिवाय कळत नाही. एका डावात लाल रंगाची बाटली जखम भरते, तर पुढच्या डावात तीच पेट घेते, कारण प्रत्येक नव्या डावात रंगांची अदलाबदल होते. जखमी अवस्थेत, समोर उंदीर असताना, ही बाटली आत्ता प्यावी की जपून ठेवावी, असा निर्णय दोन स्टेशनांच्या मधल्या वेळात घेण्यात जी गंमत आहे, ती भपकेदार चित्रांच्या खेळांत मला क्वचितच मिळाली. खेळ अवघड आहे, सुरुवातीला वारंवार हरायला होते, आणि हरणे ज्यांना सोसत नाही त्यांना तो मी सुचवत नाही. अशांसाठी ‘थ्रीज’ आहे, आकडे सरकवून जुळवण्याचा. थोडा विचार करून डावपेच लढवायची हौस असेल तर ‘बॅटल ऑफ पॉलिटोपिया’ आहे. त्यातल्या ‘परफेक्शन’ या प्रकारातला डाव ३० फेऱ्यांत संपतो आणि मूळ खेळ मोफत मिळतो.

दुसरी गोष्ट अशी की खेळ पैसे कसे मिळवतो हे आधी तपासावे. माझ्या मते खेळाच्या प्रकारापेक्षाही हे महत्त्वाचे आहे, कारण खेळाचे वागणे त्याच्या कमाईच्या मार्गावरून ठरते. ‘कँडी क्रश सागा’चे उदाहरण सर्वांना माहीत आहे. त्यात पाच जीव मिळतात आणि गेलेला प्रत्येक जीव परत यायला अर्धा तास लागतो. ही अर्ध्या तासाची वाट खेळाच्या नियमांतून आलेली नाही. ती खेळाडूने थांबावे, पुन्हा यावे किंवा पैसे द्यावेत यासाठी घातलेली आहे. असा खेळ वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. कोट्यवधी लोक तो पैसे न भरता आनंदाने खेळतात आणि त्यातल्या कोड्यांची आखणी कुशल लोकांनी केलेली आहे. पण पन्नास मिनिटांच्या सलग प्रवासासाठी तो बसत नाही, हे घेण्याआधीच कळू शकते. स्टोअरमध्ये खेळाच्या नावाखाली जाहिराती आहेत का आणि ॲपमध्ये खरेदी आहे का, हे लिहिलेले असते. थोडे खाली तपशिलात गेले तर त्या खरेदीची किमान आणि कमाल किंमतही दिसते. कमाल आकडा काही हजारांत असेल तर तो खेळ थोड्या लोकांकडून फार मोठी रक्कम मिळेल या हिशेबाने रचलेला आहे असे समजावे.

याउलट, एकदाच किंमत घेणाऱ्या खेळाला तुम्हाला अडवून ठेवण्यात काही लाभ नसतो. म्हणून मी लोकांना आग्रहाने सांगते की वर्षातून दोन-तीन खेळ विकत घ्यावेत. एका सिनेमाच्या तिकिटाएवढ्या किंवा त्याहून कमी पैशांत ते मिळतात आणि सवलतीच्या दिवसांत आणखी स्वस्त होतात. वर्गणी भरून अनेक खेळ खेळण्याचाही मार्ग आहे. ॲपल आर्केड २०१९ मध्ये सुरू झाले, गुगलचे प्ले पास भारतात २०२२ मध्ये आले. दोन्हींतले खेळ जाहिराती आणि ॲपमधली खरेदी वगळून मिळतात आणि एकच वर्गणी कुटुंबातल्या सहा जणांपर्यंत वाटून घेता येते. तुमच्याकडे तीन खेळणारी माणसे असल्याने महिनाभर प्ले पास घेऊन पाहायला हरकत नाही. मात्र कोणी काय खेळले हे महिनाअखेर बघावे आणि एकच खेळ खेळला गेला असेल तर वर्गणी बंद करून तोच विकत घ्यावा. पैसे लावून खेळायचे रमी किंवा तत्सम खेळ मी या उत्तरात धरलेलेच नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने अशा ऑनलाइन खेळांना देशभर बंदी घातली आहे.

आता शोधण्याविषयी. स्टोअरचे पहिले पान मुख्यतः दोन गोष्टी दाखवते: काय जास्त उतरवले जात आहे आणि कोणी जाहिरातीसाठी पैसे भरले आहेत. व्हिडिओच्या मध्ये दिसणाऱ्या खेळांच्या जाहिरातींवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. २०२० मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकांनी ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या खेळांच्या दोन जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवून बंद केल्या, कारण जाहिरातीत दाखवलेली कोडी हा त्या खेळांचा मुख्य भाग नव्हताच. नावाने शोध घेतानाही जपावे लागते. मघाशी उल्लेख केलेला ‘थ्रीज’ फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. दोन जणांनी वर्षाहून अधिक काळ घासूनपुसून तो तयार केला होता. महिनाभरातच त्याच धर्तीचा ‘२०४८’ हा मोफत खेळ आला, गाजला, आणि मग त्याच्याही असंख्य नकला निघाल्या. आजही अशा खेळांचा शोध घेतला की नकला आधी दिसतात आणि मूळ खेळ खाली कुठेतरी सापडतो. म्हणून खेळाच्या नावाबरोबर कर्त्याचे नाव नेहमी पाहावे.

कर्त्याच्या नावावर बोट ठेवले की त्याने केलेले सगळे खेळ समोर येतात, आणि चांगले खेळ शोधण्याचा माझ्या माहितीतला हा सर्वांत फलदायी मार्ग आहे. खेळ आवडला की त्याच हातांनी आणखी काय घडवले ते पाहायचे. उदाहरणार्थ, ‘मॉन्युमेंट व्हॅली’ या कोड्यांच्या खेळाचे मुख्य डिझायनर केन वाँग यांनी पुढे मेलबर्नमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि २०१८ मध्ये ‘फ्लॉरेन्स’ हा तासाभराच्या आत संपणारा, जवळजवळ शब्दांवाचून सांगितलेला प्रेमकथेचा खेळ केला. त्यातला नायक क्रिश हा भारतीय वंशाचा चेलोवादक आहे. पहिल्या भेटींत संवादाचे तुकडे जुळवायला वेळ लागतो आणि ओळख वाढत जाते तसे तुकडे कमी होत जातात, ही त्यातली कल्पना मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून दाखवते. स्टोअरच्या कोणत्याही लोकप्रिय यादीत हा खेळ तुम्हाला भेटला नसता.

दुसरा भरवशाचा मार्ग म्हणजे जे खेळ आधी दुसरीकडे पारखले गेले आहेत ते घेणे. ‘कार्कासोन’ किंवा ‘टिकट टू राइड’ हे टेबलावर मांडून खेळायचे खेळ. लोकांनी ते वर्षानुवर्षे समोरासमोर बसून खेळले आहेत, त्यामुळे त्यांचे नियम पक्के आहेत. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ २०१६ मध्ये संगणकावर आला आणि मग फोनवर. तो एका माणसाने चार-साडेचार वर्षे खपून केला आहे आणि फोनवरही एकदाच किंमत देऊन संपूर्ण मिळतो. अँड्रॉइडसाठी ‘मिनीरिव्ह्यू’ नावाची सोय आहे. तिथे खेळांची परीक्षणे तर असतातच, शिवाय जाहिराती किती आणि खरेदीचा आग्रह कितपत हेही नोंदवलेले असते. जुन्या याद्यांचे म्हणाल तर त्यांची तारीख पाहूनच त्या वाचाव्यात. ॲपलने २०१७ मध्ये जुन्या ३२-बिट ॲप्सचा आधार काढून घेतला तेव्हा अनेक उत्तम खेळ नव्या आयफोनवर चालेनासे झाले, आणि याद्यांमध्ये मात्र त्यांची नावे तशीच राहिली.

परीक्षणे वाचताना मी पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून देते. पाच ताऱ्यांच्या खाली ‘मस्त गेम’ एवढेच लिहिलेले असते, आणि एक ताऱ्याच्या खाली बहुधा फोनविषयीचा राग असतो. तीन तारे देणाऱ्याला खेळ आवडलेला असतो आणि काहीतरी खटकलेलेही असते, त्यामुळे तो नेमके लिहितो. ही परीक्षणे नव्यापासून जुन्याकडे लावून वाचावीत, कारण एका अपडेटनंतर शांत खेळात दर दोन मिनिटांनी जाहिरात सुरू झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत आणि सरासरी ताऱ्यांत ते लवकर दिसत नाही.

मग खेळ उतरवून घ्यावा, फोन विमान मोडवर टाकावा आणि वीस मिनिटे खेळावा. या वीस मिनिटांत मी एकच गोष्ट बघते, खेळाने माझ्याकडे प्रथम काय मागितले आणि केव्हा. नोंदणी करा, सूचना चालू करा, मित्रांना बोलवा, चोवीस तासांत संपणारी सवलत घ्या, असे काही पहिला डाव होण्याआधीच आले तर पुढेही तेच येत राहणार. आणि वीस मिनिटांनंतर जर मला हरल्याचे कारण सांगता येत असेल, ‘मी पूल लवकर वापरला’, ‘मी कोपरा बंद केला’ असे, तर खेळात दम आहे असे मी मानते. हरलो का ते कळले, तर पुन्हा खेळावेसे वाटते.

आईंच्या बाबतीत मात्र मी शोधाची सुरुवात स्टोअरपासून करणार नाही. त्यांना आधी विचारा की फोन नव्हता तेव्हा त्या काय खेळत असत किंवा कशात रमत असत. पत्ते, पटावरच्या सोंगट्या, वर्तमानपत्रातले शब्दकोडे, विणकाम, रांगोळी, काहीही चालेल. आमच्या वाचनालयात ज्येष्ठांचा वर्ग चालतो, तिथे मला असे आढळले आहे की विणकाम किंवा रांगोळी करणाऱ्यांना आकृत्यांची कोडी चटकन आवडतात, शब्दकोडे सोडवणाऱ्यांना सुडोकू नेहमीच रुचतो असे नाही, आणि पत्ते खेळणाऱ्यांना समोर माणूस हवा असतो. तुमच्या आई या तिसऱ्या गटातल्या असतील तर एकटीने खेळायचा खेळ देऊच नका. ‘लुडो किंग’ एकाच टॅबलेटवर आळीपाळीने खेळता येतो, तो नवी मुंबईतल्या कंपनीनेच केला आहे, आणि भाचा आला की दोघांना एकत्र बसवतो. त्यात जाहिराती आहेत. नेट बंद करून खेळले की त्यांचा त्रास बराच कमी होतो.

आकृत्यांची आवड असेल तर ‘मॉन्युमेंट व्हॅली’पासून सुरुवात करा. लंडनच्या अस्टू गेम्सचा हा खेळ २०१४ चा आहे आणि २०१५ मध्ये त्याला बाफ्टा पुरस्कार मिळाले. इडा नावाची छोटी राजकन्या, अशक्य रचनेचे मनोरे, दहा प्रकरणे. जिथे जायचे तिथे बोट ठेवले की इडा चालू लागते. वाट तुटलेली असेल तर जवळ एक दांडा असतो. तो फिरवला की मनोऱ्याचा भाग वळतो आणि एका विशिष्ट कोनातून दोन दूरच्या कडा एकमेकींना टेकलेल्या दिसतात. दिसल्या की त्या खरोखरच जोडल्या जातात आणि इडा त्यावरून पलीकडे जाते. घड्याळ नाही, गुण नाहीत, मरण नाही, आणि वाचायला मजकूर फार थोडा, त्यामुळे इंग्रजीची अडचण येत नाही. नवख्या माणसाची नजर त्या जोडावर पडते तेव्हा बोट हवेतच थांबते, मग दांडा उगाच दोन-तीनदा पुढेमागे फिरवून पाहिला जातो. हे दिसले की खेळ त्यांना पोचला असे मी समजते. सगळा खेळ दोनेक तासांत संपतो, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत हा मला गुण वाटतो. काहीतरी पूर्ण केल्याचे समाधान मिळाले की पुढचा खेळ त्या आपणहून मागतात.

त्यानंतर ‘मिनी मेट्रो’ देऊन पाहता येईल. न्यूझीलंडच्या डायनोसॉर पोलो क्लबचा हा खेळ वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशा स्टेशनांना रेघांनी जोडण्याचा आहे. त्रिकोणी प्रवाशाला कुठल्याही त्रिकोणी स्टेशनावर जायचे असते. स्टेशने वाढत जातात, नदी ओलांडायला बोगदे मोजकेच मिळतात, आणि एखाद्या स्टेशनात फार गर्दी साचली की खेळ संपतो. त्यात मुंबईचाही नकाशा आहे, तेव्हा रोज लोकलची गर्दी सोसणाऱ्या तुम्हालाही तो आवडेल असे वाटते. घड्याळ थांबवून रेघा बदलता येतात आणि रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांसाठी वेगळी रंगसंगती आहे. पूर्ण नकाशा एका नजरेत लागतो, म्हणून हा टॅबलेटवरच द्यावा. सुडोकू आणि तसली कोडी हवी असतील तर सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह मोफत आणि जाहिरातींविना मिळतो. त्याचे रूप साधे, थोडे रुक्ष आहे, पण कोड्यांची प्रत उत्तम आहे.

खेळ सुचवण्याची पद्धतही सांगते, कारण चांगला खेळ इथेच वाया जातो. एका वेळी एकच खेळ द्यावा. टॅबलेट त्यांच्या हातात देऊन आपले हात मांडीवर ठेवावेत. पहिली दहा मिनिटे शेजारी बसावे, पण ‘इथे दाबा’ असे म्हणू नये. अडल्या तर ‘काय दिसते आहे?’ एवढेच विचारावे. वयामुळे बोटांची टोके कोरडी झालेली असतात, स्पर्श नीट लागत नाही, आणि मग ‘मला जमत नाही’ असे त्यांना वाटते. तेव्हा खेळाआधी पडदा पुसून घ्यावा, अक्षरे मोठी करावीत आणि सेटिंगमध्ये स्पर्शाला लागणारा वेळ बदलता येतो तो पाहावा. आठवड्याने ‘आवडला का?’ असे विचारले तर आई तुमचे मन राखायला हो म्हणतील. ‘कुठपर्यंत आलात?’ असे विचारा. उत्तरात एखाद्या मनोऱ्याचे किंवा अडलेल्या जागेचे वर्णन आले तर खेळ लागू पडला आहे. न आल्यास काही न बोलता तो काढून दुसरा द्यावा.

भाच्यासाठी पहिले काम टॅबलेटवरच्या प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावण्याचे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईनंतर मुलांनी परवानगीविना केलेल्या खरेदीपोटी ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख आणि गुगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर पालकांना परत करण्याचे मान्य करावे लागले होते. तेव्हापासून सोयी सुधारल्या आहेत, पण त्या आपण चालू कराव्या लागतात. नऊ वर्षांच्या मुलासाठी मी ‘लिचेस’ सुचवेन. बुद्धिबळाचे हे ॲप पूर्ण मोफत आहे, जाहिराती नाहीत, संगणकाविरुद्ध नेटशिवाय खेळता येते, आणि खात्यात मुलांसाठीची सोय चालू केली की अनोळखी लोकांचे संदेश बंद होतात. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या वाचनालयातली मुले बुद्धिबळाविषयी स्वतःहून विचारतात. तुमचा भाचाही त्यांतलाच असेल तर तुमचे काम सोपे आहे.

तुमचा टॅबलेट कोणत्या वर्षीचा आहे, त्यात किती जागा मोकळी आहे आणि अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, एवढे इथे लिहा. फार जुना असेल तर वरच्यांपैकी काही खेळ स्टोअरमध्ये तुम्हाला दिसणारच नाहीत, आणि मग आईंसाठी मला दुसरी नावे सुचवावी लागतील. त्या पूर्वी कशात रमत असत हेही त्यांना विचारून कळवा.